हौसाबाईचा फळलेला नवस

आमच्या वाडीत हौसाबाईच्या नवसाला जो मान होता, तो माझ्या ट्रेनिंग कॉलेजच्या सर्टिफिकेटाला कधीच मिळाला नाही. कुणाची म्हैस हरवली, कुणाचं गलबत वेळेवर बंदराला लागलं नाही, की लोक माझ्या शाळेवरून सरळ पुढे तिच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, जात. "काकी, तुमी बोला. तुमचा देव ऐकता."

त्याला कारण होतं. तिचा एकुलता एक मुलगा दत्ताराम इंग्रजांच्या पलटणीतून लढायला गेला आणि सिंगापूरला जपान्यांच्या हाती सापडला. तीन वर्षं पत्र नाही. सून यशोदेने कुंकू लावावं की पुसावं, याची चर्चा विहिरीवर उघड चालायची. पंचेचाळीस सालच्या आषाढी एकादशीला हौसाबाई रवळनाथापुढे उभी राहिली आणि मोठ्याने बोलली, "बा रवळनाथा, काय व्हया ता कर, पण ही लढाई थांबव नि माझो झील माका परत हाड. तेचो नारळांनी तुलाभार करीन." जमलेल्यांनी रीतीप्रमाणे "होय म्हाराजा" म्हटलं. आमच्याकडे देवापुढे घातलेलं गाऱ्हाणं चारचौघांच्या होकाराशिवाय पुरं होत नाही.

महिना उलटायच्या आत लढाई थांबली. दिवाळीनंतर दत्ताराम घरी आला, हाडांवर कातडं तेवढं उरलेलं. तुलाभाराला पस्तीस-चाळीस नारळांतच त्याचं पारडं वर गेलं. बायका म्हणाल्या, "काकी स्वस्तात सुटली!" हौसाबाईने रडत रडत आणखी साठ नारळ देवापुढे ओतले. पुढच्या वर्षी नातू झाला, परशुराम.

इथवर गोष्ट गोड आहे. तिच्यात विष कालवलं ते मी.

एकोणसाठ साली शाळेत मी वादविवाद ठेवला. विषय माझाच: 'अणुबॉम्ब टाकून लढाई संपवली हे योग्य की अयोग्य?' गावाला भात आणि बांगड्यापलीकडे विचार करायला लावायचा, ही माझी त्या काळची खाज. योग्य म्हणायला परशुराम उभा राहिला. तेरा वर्षांचा, धीट, आवाज खणखणीत. "ते दोन बॉम्ब पडले नसते, तर जपानी शरण आले नसते. माझे बाबा तिथेच मेले असते आणि मी आज तुमच्यापुढे उभाच नसतो." टाळ्या पडल्या. हौसाबाई पुढच्या बाकावर बसली होती, तिने बोटं मोडून त्याची दृष्ट काढली.

अयोग्य म्हणायला कुणी तयार होईना, म्हणून बाळा गावड्याला भाषण मीच लिहून दिलं होतं. एका साप्ताहिकात वाचलेलं सगळं त्यात घातलं. सकाळी आठचा सुमार. पोरं शाळेला निघालेली. उजेड झाला आणि पोरांच्या अंगावरची कातडी लोंबायला लागली. पाणी पाणी करत माणसं नदीत उतरली आणि तिथेच राहिली. बाळाने पाठ केल्यासारखं घडाघडा म्हटलं. मी पहिला नंबर परशुरामाला दिला, कंपासपेटी दिली, आणि आपण मोठं काम केलं अशा समाधानात घरी जाऊन जेवलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हौसाबाई माझ्या पडवीत येऊन बसली.

"मास्तरानू, बाळग्यान सांगल्यान ता खरा?"

"खरं आहे, काकी."

"थंय शाळेतली पोरा होती?"

"होती."

"ता कधी झाला?"

मी मोठ्या हौसेने हिशेब सांगितला. आषाढातली अवस, तिच्या आदल्या दिवशी पहिला. तीन दिवसांनी दुसरा. ती बोटांची पेरं मोजत राहिली. "मी एकादशीक बोललंय. म्हणजे सतरा-अठरा दिस. देवाक तयारीक तितको येळ लागतलोच."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. "काकी, असं काय बोलता? बॉम्ब अमेरिकेने टाकला. तुमच्या गाऱ्हाण्याचा काय संबंध?"

"मग माझो झील कोणी हाडलो?"

देवाने आणला म्हणावं, तर ती पोरंही देवानेच जाळली. देवाने नाही म्हणावं, तर तिचा चौदा वर्षांचा देव मी एका वाक्यात काढून घेणार. चार पुस्तकं वाचलेला मी, कंदिलाची वात वर-खाली करत बसलो.

"माका खंय म्हायत होता," ती म्हणाली, "'काय व्हया ता' म्हणजे तो ह्या करीत. माका वाटला, कोंबो मागात, बकरो मागात."

पुढच्या सोमवारी तिने विश्राम गुरवाला कौल लावायला सांगितलं. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या लावायच्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. प्रश्न ऐकून विश्राम हादरला. "काकी, देवाक जाब इचारतंस?" पण तिचं तोंड बघून त्याने पाकळ्या लावल्या. 'माझ्या सांगण्यावरून तू ती पोरं जाळलीस का?' सकाळपासून दुपार झाली. एकही पाकळी पडली नाही. श्रावणातल्या ओलाव्यात पाकळी लवकर सुटत नाही, हे मला ठाऊक होतं. तिला सांगून काय उपयोग होता? ती उपाशीपोटी बसून राहिली आणि शेवटी उठून घरी गेली.

त्यानंतर तिने देवाकडे काही मागितलं नाही. देवळात यायची, पण गाव "होय म्हाराजा" म्हणे तेव्हा तिचे ओठ मिटलेले असत. दत्तारामला मी एकदा म्हटलं, "आईला समजाव रे. तूच सांग, तिचा दोष नाही." तो जाळं विणत होता. मान वर न करता म्हणाला, "थंय छावणीत बॉम्बाची बातमी इली तेव्हा आमी नाचलो, मास्तर. उभ्यान ऱ्हवाक येय नव्हता, तरी नाचलो. मी तिका काय समजावतलंय?"

परशुराम अठरा पुरी होताच पलटणीत गेला. बापाने नको म्हटलं, आईने जेवण सोडलं, तरी गेला. पासष्ट सालच्या सप्टेंबरात पंजाबात लढाई पेटली. त्याचं पत्र बंद झालं.

यशोदेने सासूचे पाय धरले. "आये, तुमी बोला. तुमच्या तोंडचा देव ऐकता. तेव्हा माझ्या कुंकवासाठी बोललात, आता ह्येच्यासाठी बोला."

हौसाबाई तीन दिवस नाही म्हणत राहिली. चौथ्या दिवशी सगळी वाडी देवळात जमली. विश्रामाने पानाचा विडा ठेवला, नारळ ठेवला आणि बाजूला झाला. हौसाबाई उभी राहिली.

"बा रवळनाथा," ती म्हणाली, "माझ्या नातवाक सुखरूप परत हाड."

"होय म्हाराजा!" देऊळ दणाणलं.

"पण तेच्यासाठी दुसऱ्या कोणाक मारू नको. थंयच्या कोणा आयेच्या झीलाकय हात लावू नको."

कुणी काही बोललं नाही. पलीकडे शत्रू होता. आपलीही पोरं तिथे होती. अशा मागण्याला होय कसं म्हणायचं? विश्राम माझ्याकडे बघत होता. मी खांबाला टेकून जमिनीकडे बघत राहिलो. हौसाबाईने एकदा मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं, मग देवाकडे पाहिलं, आणि खाली बसली. गाऱ्हाणं तसंच अर्धं राहिलं.

लढाई थांबली त्याच आठवड्यात तार आली. वाडीत इंग्रजी वाचणारा मी एकटा, म्हणून ती मलाच वाचावी लागली. दत्ताराम ओट्यावर बसला तो बसूनच राहिला. यशोदा रडली नाही. ती सासूसमोर जाऊन उभी राहिली.

"तुमच्या झीलासाठी दोन शहरां जाळलात. माझ्या झीलासाठी एका माणसाचो जीव मागूक जड गेला तुमका?"

सून हौसाबाईशी पुन्हा कधी बोलली नाही. ताट वाढायची, पुढे सरकवायची आणि निघून जायची. लोकांनीही तिच्या खळ्यात यायचं सोडलं. म्हैस हरवली तर आता ते स्वतःच शोधत.

अडुसष्टच्या चैत्रात तिने मला बोलावलं. अंथरुणाला खिळली होती, आवाज क्षीण झाला होता. उशाशी परशुरामाची कंपासपेटी होती.

"मास्तरानू, मी चुकीचा मागितलंय?"

"नाही, काकी."

"मग त्या दिवशी तुमी तरी होय म्हणूक व्हया होता."