नाटकाला जाताय? कडेची खुर्ची मागा

आमच्या ह्यांनी गावच्या उत्सवात तीसेक वर्षं नाटकांत कामं केली. राजा झाले, हवालदार झाले, एकदा तर सासूही झाले. पण शहरातल्या नाट्यगृहात बसून एक नाटक पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं असं कधी झालं नव्हतं. कारण सांगायला ते लाजतात, मी लाजत नाही. सत्तरीनंतर त्यांना अर्ध्या तासाला लघवीला जावं लागतं. ज्यांच्या घरात असं माणूस आहे, त्यांनी हे जरूर वाचावं.

"लोकांच्या पायांवरनं नाचत जायाचं का मी?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. म्हणून यंदा सुनेने विचारलंच नाही, मोबाइलवर तिकिटं काढून मोकळी झाली. "आई, एकदम मधल्या खुर्च्या मिळाल्यात!" बिचारी खूश. मी रांगेचं चित्र बघितलं. डावीकडे माणसं, उजवीकडे माणसं, आणि आमचं पाखरू बरोबर मधोमध. ह्यांना मात्र बोलले नाही. आदल्या दिवशी ते आपणहून म्हणाले होते, "एकदा तरी पुरतं बघायचंय गो. अर्धं सोडून नाय यायचं."

आमच्या शेणव्याहून एसटीने शहापूर. बाई म्हणून माझं अर्धं तिकीट, वयाचं ह्यांचं अर्धं, म्हणजे कंडक्टरच्या लेखी आम्ही दोघं मिळून एक माणूस. स्टँडवर ह्यांची मोरीकडे एक फेरी झाली. रिक्षाने आसनगाव स्टेशन, तिथे दुसरी. रविवारी दुपारी गाडीला बसायला जागा मिळते, पण लोकल गाडीत ती सोय नसते, हे निघण्याआधी ध्यानात घ्या. ह्यांनी सकाळपासून चहा घेतला नव्हता. चहा न घेतलेला आमचा माणूस म्हणजे बंद पडलेला पंखा. आहे जागेवर, पण वारा नाही.

नाट्यगृह मुंबईतलं, मोठं. नाव कशाला सांगू, सगळीकडे थोडंफार असंच असणार. पुढे पायऱ्या आहेत, पण बाजूने उतार केलाय, गुडघेवाल्यांनी तिकडून जावं. पुरुषांची मोरी दाराला लागून, बायकांची मात्र अर्धा जिना चढून. हे कोणत्या शहाण्याने ठरवलं असेल? आतल्या खुर्च्या मऊ, पण आपण उठलो की त्या मिटतात. मी पदर सावरायला उठले, परत बसते तर खुर्ची गायब. शेजारणीने धरलं म्हणून बरं. आणि गारवा इतका की शाल घेऊन जाच. ह्यांच्या दुखण्याला गारवा म्हणजे आगीत रॉकेल.

नाटक एका सासऱ्याचं होतं. सुनेशी भांडून म्हातारा घर सोडून जातो, आणि घरचे त्याला शोधतात. ते रंगात आलं आणि हे उठले. "जरा जाऊ द्या, जरा जाऊ द्या," करत गेले. आले तेव्हा अंधार होता. आमच्याकडे नाटक देवळापुढच्या मैदानात होतं. तिथे कुणी उठून बांधाकडे जाऊन आला, की खुशाल मोठ्याने विचारतो आणि शेजारचे सांगतात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. इथे रंगमंचावर सुनेने नुकताच फोन ठेवला होता. सगळं थेटर श्वास रोखून. आणि हे रांगेत शिरता शिरता खणखणीत आवाजात, "काय झालं गो? मेला का सासरा?"

हशा पिकला. सुनेचं काम करणारी पोरगी पाठ करून उभी राहिली, तिचे खांदे हलत होते. आमच्या रांगेत कडेला बसलेल्या एका चौकडीच्या शर्टवाल्याने मात्र कपाळाला हात लावला.

मध्यंतरात हे बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. "मी इथंच बसतो. तू बघ न् ये."

"मग मी पण नाय बघत."

"येडी का काय तू? पैसे भरलेत."

एवढ्यात बटाटेवडा खात चौकडीचा शर्ट आमच्याकडेच आला. मी भांडायला कंबर कसली. तो म्हणाला, "आजोबा, माझी खुर्ची कडेची आहे. तुम्ही तिथे बसा, मी मध्ये जातो."

"नको, उपकार कशाला?"

"उपकार कसला! दोनदा माझ्या अंगठ्यावर पाय दिलात. तिसऱ्यांदा नको."

असे ते कडेला बसले आणि तो माझ्या शेजारी. दुसरा अंक सुरू झाला. मी काय बघितलं म्हणाल, तर ह्यांची खुर्ची. एकदा गेले, मांजरासारखे आले. शेवटी शेवटी पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरून चुळबुळायला लागले.

"गेले का?" शेजारून कुजबुज आली.

"नाय अजून."

"आता थोडंच राहिलंय."

पडदा पडला. हे उभं राहून टाळ्या वाजवत होते, आणि दिवे लागायच्या आत दाराबाहेर! परत आले ते निवडणूक जिंकल्यासारखे. चौकडीच्या शर्टवाल्याने जाता जाता त्यांच्याशी हात मिळवला. मग स्टॉलवर सकाळपासूनचा चहा झाला. गाडीत मी विचारणार होते, सासरा परत आला का, तर हे घोरत होते.

घरी आल्यावर मी हिशोब मांडला. गारवा आठवतो, खुर्ची आठवते, वडा आठवतो. दुसरा अंक मात्र काही आठवत नाही. तरी पुन्हा जायचं ठरलंय. सुनेला बजावलंय, मधली मिळाली तरी घेऊ नकोस.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या बायका ओट्यावर जमल्या. हे नाटक सांगायला उभे राहिले, नाटकातल्या सुनेच्या आवाजासकट. मीही त्यांच्यातच मांडी घालून बसले. दुसऱ्या अंकाचा शेवट आला. बेल वाजली. सुनेने डोळे पुसले, दार उघडलं, आणि दारात...

हे थांबले. "आलोच," म्हणून परसात गेले.

कुणी जागचं हललं नाही.