विहीणबाईंची गोधडी आणि न दिसणारे किडे

“उकळायची? माझ्या आईला उकळायची?” धारच्या विहीणबाई गोधडी छातीशी कवटाळून अंगणात उभ्या होत्या.

“आईला नाही हो, गोधडीला!” मी म्हटलं.

“तेच ते! तिच्या नऊवारी लुगड्यांची आहे ही. ती गेल्यापासून हिला पाणी लागलेलं नाही. अजून तिचा वास येतो!”

“वासाबरोबर किडेही आहेत!”

“आमच्या घरात? किडे?”

झालं! चुलीवर पाण्याचं मोठं तपेलं, आणि पायरीवर आम्हा दोघींची नात चिमी नाक पुसत बसलेली. माझ्या मुलाची मुलगी, त्यांच्या लेकीची लेक. देवासहून निघताना तिच्या बापानं मला बजावलं होतं, “गोधडी धुतली तर चिमी सुट्टीभर धारला राहील. नाहीतर संध्याकाळच्या बसनं परत आण!”

भांडणाचं पुढे सांगतेच. पण ह्या न दिसणाऱ्या किड्यांचे किस्से गादीतल्या धुळीसारखे आहेत. एक झटकावा तर दहा उडतात! तेव्हा आधी ते घ्या.

* * *

ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. देवासला नवे नवे कारखाने आलेले, आम्ही कंपनीच्या क्वार्टरमध्ये. चिमी सकाळी उठली की शिंकांची माळ लावायची. कधी कधी छातीत शीळ वाजायची.

मग काय, अख्खी कॉलनी डॉक्टर! एकीनं दही बंद करवलं, दुसरीनं जाम, म्हणजे पेरू, तिसरीनं केळी. पोर वरणभातावर आली. एक दिवस ताटावर बसून मला विचारते, “आजी, पाणी तरी चालतं ना?”

मी चौथी पास. बाकीचं शिक्षण किराण्याच्या पुड्यांवर झालं. वाणसामान डब्यात गेलं की मी कागद उलटसुलट वाचायची. आधी मराठी, मग हिंदी, शेवटी इंग्रजीसुद्धा! त्या जोरावर मी सगळ्यांना विचारलं, “दह्याचा दोष, तर पोर काही खायच्या आधी अंथरुणातच कशी शिंकते?”

दुसऱ्या दिवसापासून दही चालू!

* * *

शेवटी इंदूरच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही, थेट चिमीला विचारलं, “बेटा, तकलीफ कहाँ ज़्यादा होती है?”

“घर में. बिस्तर में.”

“और ठीक कहाँ रहती हो?”

“स्कूल में.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “पहली बच्ची देखी जिसकी तबीयत स्कूल में अच्छी रहती है!”

पण त्यातच त्यांना सगळं सापडलं. शाळेत लाकडी बाकं, घरी गाद्या, उशा, गोधड्या. त्यांत बारीक किडे राहतात, डोळ्यांना दिसत नाहीत. आपल्या कातडीचा कोंडा खाऊन जगतात. चावत नाहीत, पण त्यांची घाण धुळीत मिसळून नाकात जाते. कितीही स्वच्छ घर असो, तिथे ते असतातच!

शेवटचं वाक्य मी त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

* * *

चैत्रातलं हळदीकुंकू होतं. मला मिळालेलं ज्ञान मी पदरात बांधून ठेवणारी नाही. सगळ्याजणींना सांगितलं, “चावत नाहीत हो ते. त्यांची विष्ठा आपल्या उशीत असते, ती नाकात जाते!”

आंब्याची डाळ चमच्यातच राहिली. महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई कळवळून म्हणाल्या, “अहो, खाताना तरी!”

“खाताना नाही,” मी म्हटलं, “झोपताना जाते!”

* * *

आमचे हे कंपनीत माल तपासायच्या खात्यात. “जे दिसत नाही ते मी पास करत नाही!” असं म्हणून त्यांनी खाट अंगणात ओढली आणि भिंग घेऊन गादीवर पालथे पडले.

शेजारच्या भाभी कपडे वाळत घालत होत्या. “भाईसाब, कंई ढूंढी रिया हो?”

“कीड़े!”

जेवणवेळेपर्यंत कॉलनीभर झालं की मराठी लोकांकडे खटमल झालेत. कुणीतरी दारात ढेकणाच्या पावडरचा डबासुद्धा ठेवून गेलं! माझं डोकं तापलं. नळावर सगळ्या बाया होत्या, तिथे जाऊन मी खणखणीत सांगितलं, “हमारे यहाँ खटमल नहीं हैं! उनसे भी छोटे हैं!”

त्यानंतर बरेच दिवस आमच्याकडे आलेला माणूस उभ्यानंच चहा प्यायचा.

* * *

कापूस नव्यानं पिंजला की किडे पळतील, असा माझा हिशेब. पिंजाऱ्याला बोलावलं. ओसरीत त्याच्या धनुकलीची तात टणटण वाजू लागली. चिमीला तो आवाज फार आवडायचा, ती अगदी त्याच्याजवळ जाऊन बसली. हवेत कापसाचे ढग! पोरीच्या शिंका थांबेनात. म्हातारा वैतागून म्हणाला, “अम्मा, इसको अंदर ले जाओ! मेरी ताल बिगड़ रही है!”

तेव्हापासून कायदा झाला. गाद्या झटकायच्या त्या बाहेर, आणि चिमी शेजारी गेल्यावर. खोलीत केरसुणी बंद, ओलं फडकं चालू. गादी-उशीला घट्ट विणीच्या जाड मांजरपाटाच्या खोळी, तोंडं शिवून बंद. चादरी आणि अभ्रे दर आठवड्याला कढत पाण्यात.

हिवाळा सरला आणि शीळ थांबली. फक्त पोर धारला जाऊन आली की पुन्हा वाजायची.

* * *

म्हणून ते तपेलं, आणि म्हणून ते भांडण.

“तुमच्या देवासला कारखान्यांचा धूर,” विहीणबाई म्हणाल्या, “आणि नाव माझ्या आईचं!”

“धूर देवासचा, मग शिंका धारला कशा?”

“प्रवासानं!”

“परत येतानाही प्रवासच असतो की! मग घरी आली की दोन दिवसांत बरी कशी होते?”

“ते मला ठाऊक नाही!”

“मग नका उकळू. पेटीत ठेवा, चिमीला दुसरं काही द्या.”

“पेटीत? पणजीची गोधडी पांघरल्याशिवाय ह्या घरातलं एक पोर झोपलेलं नाही. चिमीची आई हिच्यातच वाढली!”

“तर मग मी चिमीला घेऊन निघाले!”

हे ऐकल्याबरोबर चिमी पायरीवरून उठली. तिनं विहीणबाईंच्या हातातून गोधडी ओढून घेतली. “भांडू नका ना! मी पांघरते. मला काही होत नाही. बघा!”

नाक चिमटीत धरून तिनं गोधडी डोक्यावरून घेतली आणि पायरीवर बसली. आम्ही दोघी बघत राहिलो. गोधडी गप्प होती. मग जराशी हलली. मग आतून एकामागून एक शिंका, आणि त्यांच्या मागोमाग ती बारीक शीळ.

विहीणबाईंनी झटक्यात गोधडी बाजूला केली. पोरीचे डोळे लालभडक.

“एकदाच आली,” चिमी म्हणाली.

विहीणबाईंनी पदरानं तिचं नाक पुसलं. गोधडीत एकदा तोंड खुपसून भरून वास घेतला.

मग त्या गोधडी घेऊन चुलीपाशी गेल्या. तपेल्यात बोट बुडवून बघितलं आणि माझ्यावरच खेकसल्या, “बघत काय बसलात, विहीणबाई? लाकडं सारा आत! आमच्या आईला कोमट पाणी कधी चाललं नाही!”