शिवणीत सोडलेलं कापड

ऑगस्टातली सौदीतल्या अल-खोबरची हवा म्हणजे तोंडावर ओला टॉवेल. सकाळी सातलाच खिडकीच्या काचेवरून बाहेरच्या बाजूनं पाणी ओघळत होतं. हलिमा चहा पिऊन मशीनवर बसली. शाळा उघडायला पंधरा दिवस, गणवेशांचा ढीग गुडघ्याएवढा.

पण आधी नवरीचा लाल जोडा, लग्नाचा पोशाख, कापायचा होता. तिच्या रत्नागिरीकडच्या गावच्या बायका सौदीभर पसरलेल्या. गावात पोरीचं लग्न ठरलं की कापड त्यांनी घ्यायचं, शिवायचं हलिमानं. चौदा वर्षांचा शिरस्ता. गावाची सेवा, असं ती टेचात सांगायची.

या खेपेची नवरी तबूकच्या हनीफची पोर, अरवा. कामावर सौदी माणसंच भरायची सक्ती आली, त्यात हनीफची नोकरी गेली, पासपोर्टावर देश सोडायचा, एक्झिटचा शिक्का बसला. गावी गेल्या गेल्या लग्न उरकणार होता. "अठराची आहे," म्हणाला होता. हलिमानं मापाची चिठ्ठी उघडली. छाती अठ्ठावीस. खांदा बारा. खाली लिहिलेलं: शिवणीत दोन इंच जादा सोडा, अजून वाढेल.

तिचं डोकं सणकलं. हनीफवर, आणि त्याहून जास्त स्वतःवर. तीन वर्षांपूर्वी गावातल्याच समरीनच्या जोड्यातही तिनं असंच कापड सोडलं होतं, न विचारता. समरीन पहिल्या बाळंतपणात गेली. ती शिवण उसवायची वेळच आली नाही.

वरच्या मजल्यावरची चिनेलो, नायजेरियातली इग्बो नर्स, ड्यूटीवरून येताना डोकावली. हलिमानं मोडक्या अरबीत सगळं ओकलं.

"आमच्या गावच्या बायका परदेशातून ऑगस्टात घरी जातात, सभा भरवतात," चिनेलो म्हणाली. "एवढ्याशा पोरीचं लग्न कुणी ठरवलं तर त्या घरच्या चुलीपाशी एक बाई उभी राहत नाही. रांधू देत पुरुषांना! तुम्ही काय, नुसतं शिवता?"

हलिमानं फोन उचलला.

"हनीफ, पोरीला कितवं लागलं?"

"सांगितलं ना भाभी, अठरा."

"मेल्या, वीस वर्षं मापं घेत्येय मी!"

"नोकरी गेली माझी. ज्याच्या व्हिसावर आलो तो कफील फोन उचलत नाही. पोरीला घरात ठेवून खायला काय घालू?"

"नोकरी तुझी गेली, नि शाळा तिनं सोडायची?"

"तुम्हाला पोरगी नाही, भाभी. तुम्हाला काय कळायचं?"

"माप कळतं. जोडा मिळायचा नाही."

"खलास! बाजारातून आणीन."

"आण. नि गावच्या काझीसाहेबांना जन्माचा दाखला बघितल्याशिवाय निकाह पढवू दे, मग बघ."

मग तिनं तबूक, अल खर्ज, जेद्दाच्या बायकांना निरोप धाडले: काझीसाहेबांना फोन करा, पोरीचा दाखला बघायला सांगा. एकीनं विचारलं, "दुसऱ्याच्या घरात कशाला गो नाक खुपसायचं?"

"समरीनच्या वेळी कुठं खुपसलं होतं?" हलिमा म्हणाली. त्या बाईनंही मग फोन केला.

दुपारपर्यंत अकराजणींनी गावच्या काझीसाहेबांना फोन लावले. असरच्या नमाजाआधी त्यांचाच फोन आला. "अहो बाई, पुरे करा आता! दाखला मागवला. पंधरासुद्धा पुरी नाहीत. निकाह होणार नाही, मी हनीफला कळवलंय."

"समरीनचा का नाही मागवलात?"

विचारलं तर तिनंही नव्हतं; तिनं फोन ठेवला.

लाल कापडाची घडी करून तिनं कपाटात टाकली. गणवेशांच्या ढिगातला वरचा फ्रॉक ओढला. पहिलीतल्या पोरीचा होता. खालच्या घेरात वाढत्या अंगासाठी चांगलं चार बोटं कापड आत दुमडून तिनं मशीन चालू केली.