सरूवहिनींचा सा

परवा कळंबला कुणीतरी बाजाच्या पेटीचं झाकण उघडलं, डांबरगोळ्यांचा वास आला आणि मला गावच्या शाळेत भरलेला तो हौशी गायक-वादकांचा वर्ग आठवला. निजामी गेली होती, पण ‘बायका बसल्या तर आम्ही उठतो’ म्हणणारे तबलजी कुठं गेले होते? पत्रकं वाटून, भांडून मी शेजारच्या सरूवहिनींना शेवटच्या दिवशी तरी सतरंजीवर बसवलं.

त्यांनी भाता हलवला, सा धरला. शिकवायला आलेले बुवा म्हणाले, “हं माय, गा.” वहिनींनी श्वास घेतला आणि मी उठून उभा राहिलो! बायकांच्या गळ्यावरच्या अन्यायाबद्दल बोलत सुटलो. टाळ्या पडल्या तसा आणखीच चढलो. शेवटी बाहेर बुवांच्या परतीच्या मोटारीचा भोंगा वाजला आणि बुवा घाईघाईनं निघून गेले. वर्ग संपला.

वहिनींनी पेटी मिटली. त्यांचे डोळे भरले होते. मला वाटलं, माझ्या भाषणानंच.

“लई छान बोललात, भावजी,” त्या म्हणाल्या. “माझं तेवढं गायचं राहिलं बघा.”

पुढं तसा वर्ग भरलाच नाही. बायकांची तोंडं बंद करणाऱ्यांविरुद्ध मी आजही पत्रकं लिहितो. पण वहिनींचा आवाज कसा होता, ते मला ठाऊक नाही.