उरलेल्या फितीतलं गाणं

जज्जचाचांनी एखाद्याला ‘एकगाणी’ ठरवलं की विषय संपला. वर अपील नाही. हातातलं काम बाजूला ठेवून, चष्मा काढून, डोळे मिटून ते निकाल देत. आणि मग तो गायक मुंबईचा असो की सातासमुद्रापलीकडचा, आमच्या वऱ्हाडातल्या अमडापुरात त्याचं दुकान तिथंच बंद व्हायचं. एकगाणी म्हणजे ज्याचं उभ्या जन्मात एकच गाणं चाललं, तो. शब्द चाचांनीच काढलेला. गावाबाहेर तो कुणाला कळत नाही हे मला पुण्यात समजलं. तिथल्या एका गृहस्थांनी मला अगदी आस्थेनं विचारलं होतं, ही तुमच्याकडची एखादी पालेभाजी का?

बसस्टँडच्या वळणावर चाचांचं दुकान होतं आणि भिंतीला भिंत लावून माझं झेरॉक्सचं. म्हणून ते मला ‘झेरॉक्स’च म्हणत. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, देव जाणे. त्यांनी आधी कॅसेटी भरून दिल्या, मग सीड्या विकल्या, शेवटी पेनड्राइव्हमध्ये गाणी भरून देणं आणि मोबाइलला कव्हर घालणं यावर आले. पण पाटीवर ‘रेकॉर्डिंग सेंटर’ ते ‘रेकॉर्डिंग सेंटर’च. दुकानापुढच्या ओट्यावर आमचं कोर्ट भरायचं. चाचा, मी आणि गजाननभाऊ. गजाननभाऊ सकाळी वांगी-कोथिंबीर विकून मोकळे झाले की उरलेला दिवस भांडायला मोकळे असत.

भांडण पॉप आणि रॉकवाल्यांचंच. पिक्चरची गाणी कोर्टाच्या कक्षेबाहेर. चाचा म्हणत, “पिक्चरचं गाणं पिक्चरचं असते. तिथं हिरोईन नाचते, पाऊस पडते, हवेली जळते. नुसता माणूस आन् त्याचं गाणं, एवढंच मोजा.” त्या गायकांची नावं आम्हाला धड उच्चारता येत नव्हती, म्हणून कॅसेटच्या कव्हरवर जे दिसे त्यावरून आम्ही बारसं करायचो. लाल जाकीटवाला. छत्रीवाली. लांब केसाचे चौघं. या लाल जाकीटवाल्याला त्याचं दुसरं एक पडेल गाणं ऐकून आम्ही बिनविरोध एकगाणी ठरवून कित्येक वर्षं झाली होती. आणि एक दिवस चाचांनी शोध लावला की ज्या टकल्याच्या दुसऱ्या एका गाण्यावर गजाननभाऊ जीव टाकत, तो टकला म्हणजेच लाल जाकीटवाला. मधल्या काळात बिचाऱ्यानं डोकं तासलं होतं, एवढंच. चाचांनी उभं राहून निकाल फिरवला. वर, इतकी वर्षं त्या माणसावर अन्याय झाला म्हणून सगळ्यांना चहा पाजला.

गाणं हिट कधी म्हणायचं, यावर तर अख्खा उन्हाळा गेला होता. गजाननभाऊंचं म्हणणं, टीव्हीवर रोज लागलं की हिट. चाचांनी मान हलवली. “टीव्ही तं पैसे देऊन बी लावते. वरातीतला बँडवाला जवा एखादं गाणं पार चुकीचं वाजवते, आन् तरी लोकाईले थे ओळखू येते, तवा हिट.” मी आजही वरात दुकानावरून गेली की कान देऊन ऐकतो.

पण त्यांचा खरा नियम वेगळा होता. दुसरं गाणं ऐकल्याशिवाय कुणाला एकगाणी म्हणायचं नाही. हा नियम त्यांनी कॅसेटीच्या दिवसांपासून पाळला. तेव्हा लोक कोरी कॅसेट घेऊन येत आणि दोन्ही बाजूंनी एकच गाणं पुन्हा पुन्हा भरून मागत. चाचा भरून देत. पण शेवटी थोडी फीत उरायची, त्या उरलेल्या फितीत ते त्याच गायकाचं दुसरं एखादं गाणं न विचारता घालून ठेवत. गिऱ्हाइकं वैतागत. एकदा एक ट्रॅक्टरवाला भांडायला आला होता. “चाचा, ते शेवटचं रडगाणं काढून द्या.”

“काढतो ना. आधी सांग, ऐकलं का थे पुरं?”

“नाही. लागलं का बंद करतो.”

“मंग थे रडगाणं हाये हे तुले कसं कळलं बे?”

ट्रॅक्टरवाला कॅसेट तशीच घेऊन गेला. चाचा मला म्हणाले, “झेरॉक्स, एवढी मेहनत करून माणूस दोन गाणे करते. लोकं एकच ऐकतेत. दुसऱ्याचं काय करावं त्यानं?”

त्यांचा मुलगा साजिद या ओट्यावरच वाढला. शाळेतून आला की तो चाचांच्या मागं स्टुलावर बसून आमची भांडणं ऐकायचा. पुढं चिखलीच्या कॉलेजात गेला, तिथं दोन मित्र मिळाले, एक सेकंडहँड गिटार मिळाली, आणि एके दिवशी त्यानं घरी सांगितलं की आम्ही बँड काढला आहे. आता आमच्याकडे बँड म्हणजे वरातीचा. दुसऱ्याच दिवशी गजाननभाऊंनी त्याला भाचीच्या लग्नाची तारीख दिली आणि घोड्यापुढं किती जण चालणार ते विचारलं. साजिद हसून हसून ओट्यावर आडवा झाला. चाचा हसले नाहीत. त्यांनी गिटार हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली आणि तिची एक सैल झालेली खुंटी संध्याकाळपर्यंत बसून पक्की करून दिली. तोंडानं चांगलं म्हणणं त्यांना जमत नसे. ते दुरुस्ती करत.

मग साजिदचं ते मिरचीचं गाणं आलं. वऱ्हाडीतलं, गिटारवर, बाजारात मिरच्या निवडणाऱ्या पोरीवर. तुम्ही आमच्या बाजूचे असाल तर त्या हंगामात तुम्हीही त्यावर नाचला असाल, नाही म्हणू नका. मोबाइलवर तेच, काळी-पिवळी जीपमध्ये तेच, हळदीला तेच. चाचांनी स्वतःच्या दुकानात ते एकदाही लावलं नाही, त्यांना लाज वाटायची. पण एका दुपारी वरात आली. बँडवाल्यानं मिरचीचं गाणं इतकं चुकीचं वाजवलं की विचारू नका, आणि तरी म्हाताऱ्या बायासुद्धा ताल धरून चालत होत्या. चाचा स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन दारात उभे होते. वरात पार वळणाआड गेली तरी आत गेले नाहीत. त्या दिवशी तो माणूस जितका सुखी होता तितका मी त्याला आधी कधी पाहिला नव्हता.

पुढचा हंगाम आला. दुसरी गाणी आली. मिरची मागं पडली.

एका दुपारी छत्रीवालीचा खटला चालू होता. तिची दोन-चार गाणी ऐकून चाचांनी तिला सोडून दिलं, आणि गजाननभाऊ, तोंडाला कुलूप नाही त्या माणसाच्या, गमतीत म्हणाले, “चाचा, सगळ्याइचा निकाल लावता, मंग साजिदचा काय?”

वास्तविक यावर हसून सोडून द्यायचं. पण चाचा ओट्यावर जज्ज होते. त्यांनी चष्मा काढला, डोळे मिटले. आम्हाला ती थट्टाच वाटली.

“खरं सांगू? पोरगा माहा हाये म्हणून नाही म्हणत. एकगाणी.”

आम्ही हसलो. साजिद आतच होता, काउंटरवर, कुणाच्या तरी मोबाइलला काच लावत. त्यानं काच नीट बसवली, बुडबुडे काढले, फोन गिऱ्हाइकाच्या हातात दिला. मग दारात येऊन म्हणाला, “सही है, अब्बा.” आणि घरी गेला. त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. महिन्याभरात तो पुण्याला एका गोदामात कामाला लागला. गिटार दुकानातल्या खिळ्यावर राहिली. चाचा म्हणत, “कामाले लागला, चांगलं झालं.” हे वाक्य ते फार वेळा म्हणत.

पुढं एकदा गजाननभाऊ ओट्यावर बसून मोबाइलवर मिरचीचं गाणं ऐकत होते. ते संपलं, आणि मोबाइलची सवयच असते तसं पुढचं गाणं आपोआप सुरू झालं. आवाज तोच. साजिदचा. चाल संथ, नुसती गिटार. चाचांनी आतून मान वर केली.

“हे कोणतं? कवाचं हाये?”

गाण्याखाली तारीख होती. निकालाच्या आधीची. ऐकणारे अगदी मोजके. पोरानं दुसरं गाणं करून ठेवलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं. अब्बा निकाल देण्याआधी शोधून ऐकतील, असं त्याला वाटलं असणार. का वाटू नये? टकल्यासाठी शोधलं होतं, छत्रीवालीसाठी शोधलं होतं. त्यांचा नियमच होता तो.

चाचा बाहेर येऊन आमच्यामध्ये बसले. गाणं पहिल्यापासून लावायला सांगितलं. संपल्यावर एकेकाकडं पाहिलं. “सांगा. कसं हाये?”

आता मी इथं लिहितोय म्हणून खरं लिहितो. गाणं साधारण होतं. मध्ये रेंगाळत होतं, वरच्या पट्टीत आवाज चिरकत होता. बसस्टँडवर कुणाची तरी वाट पाहण्याबद्दल काहीतरी होतं. पण गजाननभाऊ लगेच म्हणाले, “एक नंबर.” मीही म्हणालो, “एक नंबर.”

चाचांनी चष्मा काढला नाही, डोळे मिटले नाहीत. “दोघंबी खोटं बोलून राह्यले,” ते म्हणाले. “असं म्हणणं किती सोपं हाये बे. मले काऊन नाही जमलं?”

गजाननभाऊंनी मोबाइल खिशात घातला.

त्यानंतर आमचं कोर्ट बसलंच नाही. बसायचो आम्ही, पण निकाल बंद. कुणी एखाद्या गायकाचं नाव काढलं तर चाचा म्हणत, “जाऊ दे ना, गाते बिचारा.” मात्र दुकानात एक गोष्ट सुरू झाली. पेनड्राइव्ह भरून घ्यायला जो येई, त्याच्या यादीतली सगळी गाणी भरून झाली की शेवटी चाचा साजिदचं दुसरं गाणं घालत. विचारत नसत. कुणी काढायला सांगितलं तर ऐकू न आल्यासारखं करत. ट्रॅक्टरवाले, रिक्षावाले, काळी-पिवळीवाले, मंडपवाले, सगळ्यांच्या शेवटी ते गाणं.

मी त्यांना किती वेळा म्हटलं, चाचा, फोन करून पोराला सांगा ना एकदा. फोन ते रोज करत. जेवलास का, खोलीत पाणी येतं का, साहेब कसा आहे. गाण्याशी आलं की गाडी अडायची. “फोनवर नाही जमत, झेरॉक्स. ईदले येते ना तो, तवा समोर बसून सांगतो.” काय सांगणार, हेही त्यांनी ठरवलं होतं. निकाल मागं घेणार होते, उभं राहून, लाल जाकीटवाल्याचा घेतला तसा. सगळ्यांना चहा पाजणार होते.

ईदला साजिदला सुट्टी मिळाली नाही. आणि ईदनंतर थोड्याच दिवसांनी, सकाळी शटर उघडून चाचा खुर्चीत बसले ते बसलेच. मी माझ्या दुकानातून हाक मारली, उत्तर आलं नाही.

साजिदसाठी जनाजा संध्याकाळपर्यंत थांबवला होता. तो आला, माती दिली. काही दिवसांनी दुकान आवरायला आला तेव्हा मी त्याच्यासोबत बसलो. खिळ्यावरची गिटार त्यानं उतरवली, तशीच मांडीवर धरून राहिला.

“काका, मातीच्या दिवशी चिखलीहून काळी-पिवळीनं आलो,” तो म्हणाला. “गाडीत गाणे चालू होते. गावाजवळ येता येता माहं गाणं लागलं. दुसरं. मले वाटलं, मले भास होऊन राह्यला. ड्रायव्हरले म्हटलं, हे कुठून आणलं? तो म्हणे, अमडापूरचे चाचा सगळ्याईच्या पेनड्राइव्हमधी घालून देतेत, जबरदस्तीनं. मी म्हटलं, मंग काढून टाक ना. तो म्हणे, चाचाले इचारल्याशिवाय नाही काढत.” साजिद गिटारची खुंटी चाचपत होता. “त्याले माहीत नव्हतं, काका. मी कुठं जाऊन राह्यलो ते.”

त्यानं गिटारवरची धूळ बाहीनं पुसली.

“अब्बानं ऐकलं होतं म्हणजे.”

“ऐकलं ना. रोज ऐकायचे.”

“मंग मले काऊन नाही म्हणाले?”

ईदला सांगणार होते, म्हणालो. त्यानं गिटार काउंटरवर ठेवली. मग बापासारखाच, सरळ माझ्याकडं बघून त्यानं विचारलं, “तुमीबी ऐकलं असन. खरं सांगा, कसं हाये?”

“एक नंबर,” मी म्हणालो.

एवढंच. दोन शब्द. ते त्याला माझ्या तोंडून ऐकायचे नव्हते.