रिकाम्या कंसांची आत्या

माझ्या आत्याइतकी, दुसऱ्याची जुनी चूक सापडल्यावर हरखून जाणारी बाई अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात नसेल. मंद्रूपला मेंढरांमागं हिंडत शिकली, पुढं पॉलिटेक्निकमध्ये शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर कुंभारीच्या घरात बसून साऱ्या जगाला फुकट मिळणाऱ्या एका ऑपरेटिंग सिस्टिमचे ड्रायव्हर, म्हणजे संगणकाकडून यंत्रं चालवून घेणारे प्रोग्राम, दुरुस्त करू लागली. मेथी निवडताना लॅपटॉप समोर. लग्नात अक्षता हातात आणि डोळे मोबाइलवरच्या कोडमध्ये. मंगलाष्टकं चालू असताना एकदा ती “सापडली!” म्हणून किंचाळली, तेव्हा नवरदेवाची आईच दचकून उठली.

“अरं, हितं ॲरेत, म्हंजी आकड्यांच्या रांगंत, एकच जागा लिवलीया, अन् आत चाळीस आकडे कोंबल्यात की!” ती मला समजावायची. “एखादा भाईर सांडला तर कळणार कुणाला?” जुन्या प्रोग्रामरांची ही युक्ती. आत्याचा उपाय असा, की जागांचा आकडा ज्या कंसात लिहितात ते कंस रिकामे सोडायचे आणि आत किती आकडे येणार ते कुठं लिहिलंय, हे शेजारी सांगून ठेवायचं. मग हद्द ओलांडली की प्रोग्राम स्वतःच थांबतो.

गेल्या हिवाळ्यात तिनं जॅकार्ड, म्हणजे नक्षी विणणारा माग चालवणाऱ्या संगणकातल्या एका जुन्या कार्डाचा ड्रायव्हर असा सुधारून त्या सिस्टिमच्या लोकांकडे पाठवला. त्यांच्या परदेशातल्या तपासनिसानं विचारलं, “खऱ्या मागावर चालवून बघितलंत का?” झालं! मला रिक्षात घालून आत्या शहरातल्या एका टॉवेल कारखान्यात थडकली. तिथं तेच कार्ड होतं.

“मॅडम, चालतंय ते चालू द्या की,” मालक म्हणाले.

“चालतंय म्हणूनशान तर भ्या वाटतंय!”

शेवटी जेवणाच्या सुट्टीतला अर्धा तास मिळाला. आत्याचा ड्रायव्हर घालून माग सुरू झाला, टॉवेलवर मोर उमटू लागला आणि काठाशी येताच सगळं खटकन बंद पडलं. मालकांचा चेहरा उतरला. मी लॅपटॉपची बॅग आवरायला घेतली. आत्या मात्र टाळ्या पिटत होती.

“घावलं! एक आकडा जादा लिवतोय त्यो जुना कोड. शेजारच्या धाग्याच्या हुकमावर जाऊन बसतोय!”

मालकांनी टॉवेलचा काठ हातात घेतला. “काठात रोज एक धागा चुकायचा, मॅडम. त्यापायी मी फिटरला नको नको ते बोललो. सोडून गेला तो.”

आत्यानं उभ्याउभ्याच किती आकडे लिहायचे ती मोजणी एकानं कमी केली. माग पुन्हा धडधडला, काठ सरळ आला. मालकांनी आमच्यासमोरच फिटरला फोन लावला. “चूक तुझी नव्हती रे,” एवढंच त्यांना बोलता आलं.

आठवड्यानं परदेशातून उत्तर आलं, बदल स्वीकारला म्हणून. आत्यानं ते मला दोनदा वाचून दाखवलं. मग राहिलेल्या जुन्या ड्रायव्हरांची यादी उघडली आणि बोटानं एकेक मोजत खाली गेली.

“लई थोडे उरल्यात रं आता,” ती हळूच म्हणाली. “समदे नीट झाल्यावर म्या काय करू?”

मी आपला चहा टाकायला उठलो.