आधी परतीची वीज

दस्तगीरमामा पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा चहा नको म्हणाले आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन चालू मिक्सरवर तळहात ठेवला. ताप आलेल्या पोराचं कपाळ बघावं तसं. मग मला म्हणाले, "वैनी, ह्याला बोटीवर न्यायचं न्हाई. मसाला घरनं वाटून न्यायचा."

शिवाजी पेठेत त्यांनी उभा जन्म पंपांच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त केल्या होत्या. मी गारगोटीच्या शाळेतली नोकरी सोडून धरणाच्या पाण्यात जेवणाची बोट टाकायचा घाट घातला होता. पिण्याचं पाणी, म्हणून डिझेल नाही. बोटीत गॅस मला नको होता. छतावर सोलर आणि खाली एक बॅटरी, तिच्यावरच बोट चालायची आणि स्वयंपाकही. ही सगळी जोडणी मामांची.

"आधी परतीचं बाजूला काढायचं, उरंल त्यात शिजवायचं," हे ते दिवसातून दहादा सांगत. डाळ-तांदूळ सकाळीच भिजत घालायला लावत, कारण "भिजवायला करंट लागत न्हाई." विजेच्या शेगडीवरचं मटण उतरल्याशिवाय भाताचा कुकर लावायचा नाही. मला ही नुसती कटकट वाटायची.

पहिल्या फेरीला बारा पाहुणे होते. निघायलाच उशीर झाला, मंडळी भुकेने पातेल्याकडे बघू लागली, माझा जीव वरखाली. मामा बोटीच्या पुढच्या टोकाला बसलेले बघून मी शेगडी आणि कुकर दोन्ही एकदम लावले. तेवढ्यात आभाळ भरलं, समोरून वारा सुटला आणि बॅटरीचा काटा बघता बघता लाल पट्टीला टेकला. बोट जागच्या जागी रेंगाळायला लागली. मामा आत आले आणि त्यांनी स्वयंपाकघराचा खटका खाली ओढला. मटण होत आलं होतं, पण भाताला नुकती उकळी आली होती.

मी पाहुण्यांसमोर त्यांच्यावर ओरडले. धंद्यातलं तुम्हाला काय कळतं म्हणाले, पहिल्याच दिवशी माझं नाव घालवलंत म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं, भात राहिला कच्चा तर राहू दे, माणसं आधी काठाला लागू देत, एवढंच बोलले आणि स्वतःचं घोंगडं कुकरभोवती गच्च गुंडाळलं. तासाभराने रखडत काठाला लागलो. घोंगडं सोडलं तर भात मोकळा शिजलेला. काठावरच पंगत बसली, तांबडा रस्सा लोकांनी दोनदा मागून घेतला. मामांच्या पानात मी वाढलं, पण माफी मागायला काही तोंड उघडलं नाही. आज त्याची लाज वाटते.

ती माफी मागायला मी गेल्या पावसाळ्यात, मामा आजारी असताना, दवाखान्यात गेले. इतक्या वर्षांनी ते विसरले असतील असं वाटलं होतं.

"वरडलासा की," ते हसून म्हणाले, "पर खटका परत वर केला न्हाईसा. हाताशी तर व्हता. तवाच म्हटलं, ही बाई बोट चालवणार."

आठवड्याभरात मामा गेले. बोट मी चालवते आहे.